वजन ७६०

एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही एक वाक्य वर्षानुवर्षे उच्चारत आलो आहोत: हस्तलिखितात जे चुकीचे वाटते ते दुरुस्त करण्याआधी, ते तिथे का आहे याचा शोध घ्यावा. या वाक्याचा अर्थ आम्हाला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका घरगुती क्रेनने समजावून दिला. त्यासाठी तिला आपला बूम मोडून घ्यावा लागला.

आम्ही दोघे पती-पत्नी मराठीचे अध्यापक. अण्णा आमच्यापैकी एकाचे वडील, दुसरीचे सासरे. मुंबईच्या गोदीत ते क्रेन चालवीत. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया १८८८ चा, अलेक्झांड्रा, म्हणजे नंतरचा इंदिरा डॉक, १९१४ चा ही सनावळी त्यांना मुखोद्गत होती. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. कंटेनरची वाहतूक तिकडे वाढत गेली आणि पोती-गासड्या उचलणाऱ्या क्रेनचे काम आटू लागले. त्याच वर्षी अण्णांनी घरी क्रेन करायला घेतली. हा निव्वळ योगायोग होता का, हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

प्रतिकृती साधारण तिसास एक या प्रमाणातली. बूम नव्वद सेंटिमीटरचा, सायकलचे आरे झाळून केलेला. केबिन बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची. दोरी गुंडाळायला शिवणयंत्राची बॉबिन, फिरण्यासाठी जुन्या पंख्याचे बेअरिंग, मोटरी टेपरेकॉर्डरच्या. आरंभी ती वायरने चाले. पुढे अण्णांनी एका खेळण्यातल्या मोटारीचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ काढून तिच्यात बसवला. परिभाषेत क्रेनला ‘यारी’ असा शब्द आहे, हे आम्ही त्यांना एकदा मोठ्या उत्साहाने सांगितले होते. ते म्हणाले, “क्रेनशी यारी नाही करायची. तिला वचकून राहायचं.”

अण्णा गेल्यावर तीन वर्षे ती माळ्यावर होती. खाली उतरवली तेव्हा रबरी पट्टे विरघळून चिकट झाले होते, वायरींचे आवरण हात लावताच गळून पडत होते आणि शेपटीतल्या खणातली सहा व्होल्टची बॅटरी फुगली होती. तिच्या टोकांवर पांढरट-निळा क्षार धरला होता. आम्हा दोघांत लगेच मतभेद झाला. एकाचे म्हणणे, पुसून काचेच्या कपाटात ठेवावी. दुसरीचे म्हणणे, जी क्रेन उचलत नाही ती अण्णांची नव्हे. अखेर एक तह झाला. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी घालण्यास इतरांना मनाई केली. तोच दंडक आम्ही स्वीकारला: झिजलेले बदलायचे, पण आपली ओवी घालायची नाही.

दंडक ठरवणे सोपे असते. जुना रेडिओ केवळ ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढेच जाणत असे. त्यामुळे हुक झटक्याने उठे आणि भार लंबकासारखा झुले. आम्ही २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा संच आणला. त्याची दांडी जितकी ढकलावी तितकाच वेग मिळतो आणि संदेश तुटला तर मोटरी आपोआप थांबतात. बॉबिनला वर्म गिअरची मोटर जोडली. तीत मोटर बॉबिनला फिरवू शकते, बॉबिन मोटरला फिरवू शकत नाही. म्हणून वीज गेली तरी भार घसरत नाही. त्या अवजड बॅटरीच्या जागी लिथियमच्या दोन कांड्या बसवल्या. दोन्ही मिळून वजन शंभर ग्रॅमच्या आत. एवढे लोखंडी ओझे अण्णांनी उगीच वाहवले, असेही आम्ही बोलून गेलो.

खण पुसताना आतल्या प्लायवूडवर पेन्सिलीने लिहिलेले दिसले: ‘वजन ७६०’. दुकानातला हिशेब असावा, असे आम्ही ठरवले. विद्यार्थ्याने समासातली नोंद अशी झटकून टाकली असती तर आम्ही त्याचे गुण कापले असते.

भाऊबीजेला घरची मंडळी जमली. शंभर ग्रॅमचे माप हुकला लावले, बूम आडवा केला आणि दांडी हळूच पुढे ढकलली. माप टेबलावरून बोटभर उचलले गेले, त्याबरोबर क्रेनची मागची चाके उचलली आणि ती तोंडावर कोसळली. अण्णांनी झाळलेले चार सांधे सुटले. कोणी काही बोलले नाही. सासूबाईंनी तेवढे विचारले, “मागचं वजन कुठं गेलं?”

हिशेब शाळकरी होता. नव्वद सेंटिमीटरवरचे शंभर ग्रॅम म्हणजे नऊ हजार. शिवाय बूमचा स्वतःचा भार. त्याला तोलायला वीस सेंटिमीटरवर ७६० ग्रॅम, म्हणजे पंधरा हजार दोनशे. आमच्या कांड्यांनी तिथे दोन हजारही ठेवले नव्हते. अण्णांची बॅटरी वीज तर देतच होती, पण ती क्रेनचा प्रतिभारही होती. बॅटऱ्या संपत, बदलत. नवी आणताना वजन तेवढेच राहावे म्हणून ती नोंद. ती भावी दुरुस्ती करणाऱ्यासाठी, म्हणजे आमच्यासाठीच, लिहिलेली होती. आम्ही ओवी घातली नव्हती हे खरे. पण एक ओवी गाळली होती, आणि ती गाळताना शुद्धीकरणाचा अभिमानही बाळगला होता.

सुटलेले सांधे आम्ही पुन्हा झाळले. आमचे झाळकाम ओबडधोबड आहे, ते लपवले नाही. जुनी बॅटरी पुन्हा आत ठेवणे धोक्याचे होते. म्हणून मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या एका डबीत भरल्या आणि कांड्यांसह तराजूत घालून ७६० भरवल्या. आता क्रेन उचलते. सासूबाई दांडी हाताळतात आणि हुक वर जाताना नकळत आपला तळहातही वर करतात. गोदीतली खूण त्यांनी कधीतरी अण्णांकडून पाहिली असावी.

खणात, अण्णांच्या पेन्सिलीखाली, आम्ही निळ्या शाईने एक ओळ लिहिली आहे: ‘यात बॅटरी व शिसे मिळून.’ खाली तारीख. शाई मुद्दाम वेगळी ठेवली, म्हणजे कोणते अक्षर कोणाचे याविषयी पुढच्याला शंका राहणार नाही.