नाव, नंबर आणि नकाशा

उर्दूत एकाच रूपात लिहिले जाणारे नाव मराठीत मोहम्मद, मुहम्मद, महंमद असे काहीही होते. इंग्रजी स्पेलिंगची तर गणतीच नको. यवतमाळात उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवताना याची किंमत मी पाहिली आहे. एका मुलीच्या आधार कार्डावर ‘शेख’ आधी होते, दाखल्यावर शेवटी. कॉम्प्युटरने एका मुलीच्या दोन मुली केल्या आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. तिचे अब्बा मजुरी बुडवून कार्यालयांचे उंबरठे झिजवत राहिले.

हे असे का होते, या प्रश्नापायी मी सॉफ्टवेअरची रचना शिकू लागले. प्रोग्राम लिहिण्याआधी कागदावर नकाशा आखायचा असतो. भाग कोणते, कोणती माहिती कोणाकडे, कोणी कोणाला काय विचारायचे, हे त्यात ठरते. यालाच हाय-लेव्हल डिझाइन म्हणतात. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली त्याची एक कसोटी सांगितली. जे बदलण्याची शक्यता आहे, ते एकाच भागाच्या आत झाकून ठेवा. म्हणजे बदल झाला तरी बाकीचे भाग हलणार नाहीत.

आपले जुने जनरल रजिस्टर या कसोटीला उतरते. प्रवेशाच्या वेळी मुलाला क्रमांक मिळतो. पुढे नावात दुरुस्ती झाली तरी क्रमांक तोच राहतो. आधारचेही तसेच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला नंबर दिला गेला. त्या बारा अंकांत जात, धर्म, जिल्हा काहीच दडलेले नाही. शेवटचा अंक तर आधीचे अकरा नीट टाइप झाले की नाही, हे तपासण्यासाठी असतो.

मग घोडे अडते कुठे? नंबर असूनही नाव अक्षरन् अक्षर जुळलेच पाहिजे, अशी अट नकाशात शिरते तिथे. उर्दू टायपिंगमध्ये आणखी एक अडचण. ‘ये’ हे अक्षर अरबी कीबोर्डवर एका कोडने उमटते, उर्दू कीबोर्डवर दुसऱ्या. शब्दाच्या मध्ये दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र वेगळी. चांगल्या रचनेत नावे ताडून पाहण्याआधी दोन्ही एका कोडवर आणतात आणि ते काम एकाच भागाकडे सोपवतात.

पण हे सुचायला नकाशा आखताना आपली नावे ओळखणारे कोणीतरी हजर असावे लागते. आपली मुले डाटा एन्ट्री शिकतात, चांगलेच आहे. पण दुसऱ्याने आखलेले चौकोन भरण्यावरच त्यांनी का थांबावे? म्हणून आठवीच्या वर्गात मी फळ्यावर प्रवेश, हजेरी, निकाल असे चौकोन काढते आणि विचारते, “सांगा, यातले काय बदलेल आणि काय कधीच बदलणार नाही?”