घसरणारा वारा

वारा म्हणजे दाबातला फरक, हे आपण शाळेपासून पाठ केलंय. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहते. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पण अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर एक वेगळाच वारा आहे. तो चक्क उतारावरून घसरत येतो! नाव कॅटाबॅटिक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाली उतरणारा’. फ्लुइड मेकॅनिक्स शिकताना हा वाचनात आला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाही.

अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात बर्फाचं पठार तीन हजार मीटरच्याही वर आहे. हिवाळ्यात तिथे सूर्य नाही. बर्फ आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो, त्याला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि उताराला लागते. कोरिऑलिसमुळे ती थोडी डावीकडे वळते आणि दऱ्या मिळाल्या की एकवटून अधिक जोर धरते.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. समजा ही हवा वरच्या हवेपेक्षा १५ अंशांनी गार आहे, तापमान २५० केल्विन आणि उतार शंभरात एक. g ला १५/२५० ने गुणा, मग उताराने गुणा. त्वरण येतं जेमतेम ०.००६ मीटर प्रति सेकंद वर्ग. हसू येईल इतकं कमी! पण घर्षण सोडून दिलं तर तासाभरात वेग होतो ताशी सुमारे ७५ किलोमीटर.

हे गणित प्रत्यक्ष भोगलं ते डग्लस मॉसनच्या तुकडीने. जानेवारी १९१२ मध्ये, उन्हाळ्यात, त्यांनी केप डेनिसनला तळ ठोकला. मग वारा सुरू झाला. वर्षाची सरासरीच ताशी सुमारे ७० किलोमीटर! माणसं वाऱ्यावर रेलून चालायची. पुढे एका मोहिमेत मॉसनचे दोन्ही सोबती गेले. तो एकटा, अर्धमेला, तळापासून नऊ किलोमीटरवरच्या बर्फाच्या गुहेपर्यंत पोहोचला, तर वादळाने त्याला तिथेच आठवडाभर अडकवलं. ८ फेब्रुवारी १९१३ ला तो तळावर उतरला, तेव्हा जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलेलं. वायरलेसने बोलावल्यावर ते परत आलं, पण वाऱ्यामुळे होडी उतरवता येईना. मॉसनला आणखी एक हिवाळा तिथेच काढावा लागला.

आम्हा सिव्हिलवाल्यांसाठी खास गोष्ट म्हणजे हा वारा कधीकधी एकदम थांबतो. लॅबमधला हायड्रॉलिक जंप आठवतोय? पातळ, वेगवान प्रवाह अचानक जाड आणि संथ होतो. किनाऱ्याजवळ हवेचंही तेच होतं. उडणाऱ्या बर्फाची भिंत उभी राहते; एका बाजूला वादळ, दुसऱ्या बाजूला जवळजवळ शांतता. फ्राऊड नंबर तिथेही लागू!

आपलं ‘मैत्री’ केंद्र १९८९ पासून त्याच खंडावर आहे, आणि दक्षिणेच्या हिमपठारावरून उतरणारा हा वारा त्यालाही सोसावा लागतो. उद्या आपल्यापैकी कुणी तिथे इमारत उभारायला जाईलही.

तेव्हा मित्रांनो, डिझाइन करताना आपण मोठ्या झटक्याला घाबरतो. ०.००६ ला कोण विचारतो? पण लहानसं बळ, लांब उतार आणि सुट्टी नाही, एवढं पुरतं. आणि हो, कुणी ‘साइट एकदम शांत आहे’ म्हणालं, तर पाहणी कुठल्या महिन्यात केली तेवढं आधी विचारा.