अंतराचे भाडे

मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात अगदी पुढे बसलेला माणूस आणि शौचालयाला खेटून असलेल्या शेवटच्या रांगेतला माणूस एकाच वेळी पोहोचतात. १५-१६ तास दोघांनाही चुकत नाहीत. बाहेर ३५,००० फूट उंची असली तरी केबिनमधला दाब ६,००० ते ८,००० फुटांवर असतो तेवढा राखलेला असतो, आणि तो सगळ्या विमानाला एकच. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर आहे. त्याहून उंच बसून पुढचेही जेवतात आणि मागचेही. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली असते. पुढच्या विरळ वस्तीत श्वासातून बाहेर पडणारी वाफ कमी, त्यामुळे तिथली हवा उलट थोडी अधिकच कोरडी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या प्रयोगांत दिसले की अशा दाबात, कोरडेपणात आणि घरघराटात जिभेला मीठ आणि साखर नेहमीपेक्षा बरीच कमी लागते. त्यामुळे पुढे उघडली जाणारी महागडी शॅम्पेन ज्या जिभेवर पडते, ती जीभ मागच्या टोमॅटो ज्यूसवाल्या जिभेइतकीच बधिरलेली असते. वेळ तीच, हवा तीच, चव तितकीच मंद. तरी पुढच्या तिकिटाची किंमत मागच्याच्या कितीतरी पट असते आणि ती देणारे लोक मूर्ख नसतात. मग ते नेमके कशाचे पैसे देतात? माझ्या मते ते इतरांपासूनच्या अंतराचे पैसे देतात. बाकीची सगळी सुखे एक एक करून त्या वर्गाच्या हातून निसटली आहेत, आणि फर्स्ट क्लासचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या निसटण्याचा इतिहास आहे.

पैशाने वेळ विकत घेता येण्याचा एक काळ विमानप्रवासातही होऊन गेला. १९७७ ते २००३ या काळात कॉन्कॉर्ड लंडन-न्यूयॉर्क अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापत असे. तिच्या खुर्च्या अरुंद होत्या, छत बुटके होते, खिडक्या तळहाताएवढ्या होत्या. आजच्या बिझनेस क्लासचा प्रवासी त्या खुर्चीत बसवला तर तक्रारीचा अर्ज मागेल. तरी जगातले श्रीमंत लोक त्यात गुडघे दुमडून आनंदाने बसत, कारण हाती येणारी वस्तू खरी होती: चार-साडेचार तासांचे आयुष्य. कॉन्कॉर्ड थांबली आणि तो व्यवहार संपला. १९५८ साली प्रवासी घेऊन उडू लागलेल्या बोइंग ७०७ चा वेग आणि आजच्या विमानांचा वेग यांत सांगण्यासारखा फरक नाही. वेळ मिळेना म्हणताना पैसा जागेकडे वळला. एमिरेट्सने २००८ मध्ये ए-३८० विमानात फर्स्ट क्लाससाठी शॉवर बसवले. एकेका प्रवाशाच्या वाट्याला ५ मिनिटांचे पाणी. त्याच कंपनीने २०१७ मध्ये ७७७ विमानांत छतापर्यंत बंद होणाऱ्या खोल्या आणल्या. त्यांतल्या मधल्या ओळीतल्या खोल्यांना विमानाची बाजू लागत नाही, म्हणून त्यांच्या भिंतीवर खोट्या खिडक्या आहेत. विमानाबाहेरच्या कॅमेऱ्यांतून आलेले आकाश त्यांत थेट दिसते. जरा थांबून पाहावे असे हे चित्र आहे. विमानातल्या सर्वांत महागड्या खोलीतला माणूस दार लावून पडद्यावरचे ढग पाहतो आहे, आणि त्याच क्षणी मागे ४३ व्या रांगेत खिडकीशी बसलेला, दुबईला गवंडीकामावर निघालेला एखादा कामगार खऱ्या काचेला नाक लावून खरे ढग पाहतो आहे. आकाश सोडून दिले तरी चालते, पण दार हवे, हा सौदा त्या खोलीत बसणाऱ्याला पटतो. यावरूनच विक्रीला काय ठेवले आहे ते कळते.

मुळात विमानात वर्ग नव्हतेच म्हटले तरी चालेल. जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' कैरो आणि जिनिव्हामार्गे मुंबईहून लंडनला गेले, त्या काळी विमानात बसणे हाच एक वर्ग होता. १९५२ मध्ये अटलांटिकवर स्वस्त टुरिस्ट क्लास आला, १९५८ मध्ये इकॉनॉमी आला, आणि मागे कोणीतरी बसू लागल्यावर पुढच्यांना पहिलेपण मिळाले. पुढे १९७१ मध्ये एअर इंडियाने जंबो जेट आणले तेव्हा त्याच्या खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवली, विमानांना सम्राटांची नावे दिली आणि आकाशातला राजवाडा अशी त्याची जाहिरात केली. तेव्हाच्या फर्स्ट क्लासची खुर्ची आज पाहिली तर रुंद, मऊ, मागे रेलणारी एवढेच तिच्याबद्दल म्हणता येईल. पूर्ण आडवे होणारे अंथरूण ब्रिटिश एअरवेजने १९९० च्या दशकाच्या मध्यावर फर्स्टमध्ये आणले आणि २००० साली तेच बिझनेसमध्ये नेले. खुर्चीला सरकते दार ही फर्स्टची मिरास होती. २०१७ मध्ये कतार एअरवेजने ते बिझनेसला लावले. झोप गेली, दार गेले, चांगले जेवण आणि चांगली वारुणी तर केव्हाच मागे सरकली होती. याचा परिणाम व्हायचा तोच झाला. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय फर्स्ट क्लास बंद करणार असल्याचे सांगितले. गिऱ्हाईकच तो विकत घेत नाही, हे कारण. एअर इंडियाच्या जुन्या ७७७ मध्ये फर्स्टच्या चार जागा होत्या. २०२४ मध्ये आलेल्या ए-३५० मध्ये २८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि २६४ इकॉनॉमी अशी मांडणी आहे, फर्स्ट नाहीच. ज्यांनी तो टिकवला त्यांनी एकाच दिशेने टिकवला. सिंगापूर एअरलाइन्सच्या ए-३८० मध्ये आधी १२ स्वीट होते, नव्या रचनेत ६ उरले. एतिहादने तर २०१४ मध्ये एका-दोघा प्रवाशांसाठी दिवाणखाना, शयनगृह आणि न्हाणीघर अशा तीन खोल्या काढल्या. लुफ्तान्साने फ्रँकफुर्टला फर्स्टवाल्यांसाठी वेगळे टर्मिनलच बांधले आहे, तिथून मोटार थेट विमानापाशी नेऊन सोडते. त्या मोटारीने विमान लवकर सुटत नाही. रांग दिसत नाही आणि रांगेतले लोकही दिसत नाहीत, एवढीच तिची कामगिरी.

मुंबईकराला हे समजावून सांगावे लागू नये. लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये मिळते काय? तीच गाडी, तोच सिग्नल, तीच अंधेरीची गर्दी जाळीपलीकडून ऐकू येणारी. बसायला थोडी बरी गादी आणि अंगावर थोडी कमी माणसे. पंखासुद्धा तोच. पण अंतर हा माल मोठा विचित्र असतो. झोप किंवा जेवण चांगले आहे की वाईट हे शेजाऱ्याकडे न पाहता ठरते. अंतराची किंमत मात्र दुसऱ्या टोकाला किती दाटी आहे यावर ठरते. १८४९ मध्ये झ्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेबद्दल हेच ओळखले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसते आणि बाके लाकडाचीच का असतात, याचे उत्तर त्याने असे दिले की कंपनीला काही हजार फ्रँकचे छप्पर परवडत नाही असे नाही. दुसऱ्या वर्गाचे भाडे भरू शकणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून ते घातले जात नाही. गरिबाला छळण्याचा हेतू नसतो, पैसेवाल्याला घाबरवण्याचा असतो, आणि पावसात भिजतो तो गरीब. विमानात आज छप्पर सर्वांना आहे, पण इंचांचा खेळ तोच. १९७० च्या दशकात इकॉनॉमीत दोन रांगांमधले अंतर साधारण ३५ इंच असे, आता ३१ सर्वसामान्य झाले आहे आणि काही कंपन्यांत २८ पर्यंत उतरले आहे. बोइंग ७७७ मध्ये आडव्या ९ खुर्च्या असत, बहुतेकांनी त्याच रुंदीत १० बसवल्या.

यावर पहिला आक्षेप विमानकंपन्यांच्या हिशेबनिसांचा असतो, आणि तो हलका नाही. इंच कमी झाले म्हणून भाडी उतरली. ज्याला विमानतळाचा दरवाजा दिसला नसता तो आज परदेशी जातो. मोबाइलवर तिकीट शोधताना आपण सगळे स्वस्तातून महागाकडे अशीच यादी लावतो आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवतो. शिवाय पुढच्यांच्या पैशावर मागच्यांचे तिकीट स्वस्त होते. यातले बरेचसे खरे आहे. पण पुढच्यांचा पैसा म्हणतात तो मुख्यतः बिझनेस क्लासचा. फर्स्टच्या मोजक्या जागा पुष्कळदा रिकाम्या उडतात किंवा जमवलेल्या माइल्सवर भरतात. आणि उपकाराचा हिशेब मांडायचाच असेल तर तो नुसत्या रुपयांत मांडू नये, कारण विमान जमीन आणि वजन उचलते. एका माणसाने किती जमीन अडवली यावर त्याच्या नावावर किती इंधन पडते ते ठरते. जागतिक बँकेच्या २०१३ च्या एका अभ्यासात फर्स्टमधल्या प्रवाशाचा कार्बनचा बोजा इकॉनॉमीतल्या प्रवाशाच्या नऊपटींपर्यंत जातो असे निघाले. ब्रिटिश सरकार आपल्या हिशेबात सुमारे चौपट धरते. चार धरा की नऊ, उपकार एकतर्फी नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे ही सगळी असूया आहे. ज्याचा पैसा त्याने कुठे बसायचे हे ठरवावे, मागच्याने पुढे पाहून जळू नये. असूयेचे शास्त्रही होऊन गेले आहे: २०१६ मध्ये दोन संशोधकांनी आकडेवारी मांडली की ज्या विमानात फर्स्ट क्लास असतो तिथे इकॉनॉमीत भांडणे जवळपास चौपट होतात. त्या आकडेमोडीवर इतर अभ्यासकांनी लगेच शंका घेतल्या, त्यामुळे तिच्यावर मी भार टाकणार नाही, आणि टाकायची गरजही नाही. मागच्या माणसाला पुढच्याची शॅम्पेन नको असते. त्याला गुडघा सरळ करायचा असतो. त्यातही गुडघा कोणाचा हे पाहा. पुण्याहून, नाशिकहून मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणारे सत्तरीतले आजी-आजोबा प्रत्येक हिवाळ्याच्या आधी-नंतर त्या विमानांत असतात. पायांना सूज, एक पिशवी औषधांची, एक चकलीची. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, कारण ती मागता येते. विमानात शिरल्यावर १६ तास ती ३१ इंचांतच बसतात. आडवे होण्याची गरज फर्स्टमध्ये झोपलेल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त आहे. म्हातारपणासाठी, आजारासाठी वरचा वर्ग हवा असतो, हा युक्तिवाद म्हणून मला पटत नाही. ज्यांच्या नावाने तो केला जातो ते त्या वर्गात क्वचितच सापडतात, आणि ज्यांना परवडते त्यांची ती गरज बिझनेसचे अंथरूण पुरी करते.

फर्स्टमधल्या चाकरीच्या कौशल्याबद्दल मात्र वाद नाही. झोपलेल्या माणसाला न उठवता त्याचे ताट उचलणे, डळमळत्या जमिनीवर चिनीमातीच्या बशा मांडणे, ही कला आहे आणि ती जोपासणाऱ्या माणसांना मान द्यावा. तरीही हा वर्ग बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण त्याने काहीच होणार नाही. अमेरिकन एअरलाइन्सने फर्स्टच्या जागी बिझनेसच्या जास्त खुर्च्या बसवायचे ठरवले. मागे एक इंचही आला नाही. पुढचे काढून मागच्याला मिळत नसते, मागच्यालाच द्यावे लागते. हे आपल्याकडे एकाने करून दाखवले आहे. राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंच फोमची गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस त्यांनी वर्गविरहित गाडी म्हणून सुरू केली, हा प्रयोग वेगळा. गादीचा निर्णय साऱ्या देशभर पसरला. द्युप्वीच्या तर्काप्रमाणे त्या गादीने वरच्या वर्गाचे गिऱ्हाईक पळायला हवे होते. पळाले नाही. एसी फर्स्ट आजही भरतो, कारण ज्याला दार लावून झोपायचे आहे तो दारासाठी पैसे देतोच. त्यासाठी दुसऱ्याची फळी उघडी ठेवावी लागत नाही.

विमानात अशी गादी घालायची तर ती इंचांतच घालावी लागेल, आणि ते काम कुठल्याही कंपनीने आपण होऊन करायचे नाही. एकटीने केले तर ती मोबाइलवरच्या तिकिटांच्या यादीत दुसऱ्या ओळीवर जाईल. ते नियामकानेच सगळ्यांना एकदम सांगावे लागते. अमेरिकी काँग्रेसने २०१८ मध्ये तिथल्या हवाई नियामकाला खुर्चीची किमान मापे ठरवायला सांगितले. नियामकाने चाचण्या घेतल्या: दाटीत बसवलेली माणसे आणीबाणीत किती झटपट बाहेर पडतात, याच्या. त्या चाचण्यांत बसवलेले सगळे साठीच्या आतले धडधाकट प्रौढ होते. वर्षे उलटली तरी मापाचा आकडा काही निघाला नाही.