ऱ्हासाचे उत्तरदायित्व

ऐतिहासिक कादंबरी शिकविताना एक प्रश्न मला सतत अस्वस्थ करतो: राज्याच्या ऱ्हासाचा दोष कादंबरी कोणाच्या पदरी घालते?

1591 साली तोंदिबी येथे मोरोक्कोच्या बंदुकांपुढे सोंघाय साम्राज्य कोसळले. त्यानंतर तीन वर्षांनी टिंबक्टूत जन्मलेल्या अस्-सादीने आपल्या ‘तारीख-अस्-सूदान’मध्ये केवळ बंदुकांना जबाबदार धरले नाही; राज्यकर्त्यांच्या नैतिक अधःपातालाही त्याने ईश्वरी शिक्षेचे कारण मानले. मालीचा कादंबरीकार यांबो उओलोगेम याने हे आत्मपरीक्षण टोकाला नेले. ‘ल द्व्हार द व्हिओलाँस’ (1968) या फ्रेंच कादंबरीतील नाकेम साम्राज्य काल्पनिक आहे; परंतु 1202 पासून तेथील सैफ घराणे आपल्याच प्रजेला गुलाम म्हणून विकत राहते. युरोपीय सत्ता तेथे पोहोचते ती हिंसेची परंपरा रुजल्यानंतर. निवेदक मात्र तारीखकाराच्या भाविक उद्गारांत हे सारे सांगतो. बखरीच्या स्तुतिपर शैलीशी परिचित असलेल्या वाचकाला त्यातील उपरोध चटकन जाणवतो.

या कादंबरीवर पुढे वाङ्मयचौर्याचा आरोप झाला. तो गंभीर आहे. पण त्यामुळे तिने उपस्थित केलेला प्रश्न निकालात निघत नाही. वसाहतवादाने अपमानित केलेल्या समाजाला वैभवशाली भूतकाळाची गरज भासते, हे मला मान्य आहे. अंतर्गत हिंसेचे चित्रण साम्राज्यवाद्यांच्या सोयीचे ठरू शकते, हा आक्षेपही पोकळ नाही. तथापि पतनाचे सर्व खापर परकीयांवर फोडणारी कादंबरी, ज्यांना स्वकीयांनीच विकले त्यांना दुसऱ्यांदा मुके करते. वैभवाच्या पुनःप्रत्ययापेक्षा त्यांचे ऋण मला मोठे वाटते.