न्यूयॉर्क किती लांब?

“मुक्ताचं गाव किती लांब रे?” आईने विचारले. नातीला दिवस गेले आहेत, आणि तिच्या बाळंतपणाला आपण न्यूयॉर्कला जायचेच, असा आईचा वयाच्या ऐंशीव्या वर्षी हट्ट आहे.

“मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर.”

“कोसांत सांग.”

“असतील चारेक हजार.”

तिने भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून बोट सरळ डावीकडे नेले. अरबस्तान, आफ्रिकेचा माथा, अटलांटिक महासागर! मी धाकट्याचा पृथ्वीचा गोल आणला आणि तिच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा दोन्ही शहरांवर धरून ताणला. दोरा आपणहून उत्तरेला सरकला. तुर्कमेनिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि कॅनडावरून तो न्यूयॉर्कला उतरला. पृथ्वी वाटोळी, म्हणून जवळची वाट ही अशी वाकडी. वारा पाहून आणि कुणाचे आकाश बंद आहे ते पाहून विमाने तीही थोडीफार बदलतात.

“वेळ किती?”

“थेट विमानाला जाताना सोळा तास, येताना साडेचौदा.”

“वाट तीच, मग येताना कमी कसे?”

वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हे तिला चटकन पटले. लहानपणी तिने शिडाची गलबते पाहिली आहेत. घड्याळाने मात्र गोंधळ केला. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास. रात्री दीडला निघालेला माणूस त्याच दिवशी तिथल्या सकाळी आठला उतरतो!

“म्हणजे साडेसहाच तास की!”

“घड्याळात. पायांना सोळाच्या सोळा लागतात. शिवाय तीन तास आधी विमानतळावर जायचे, उतरल्यावर तिथली रांग. दारापासून दारापर्यंत एक दिवस धर.”

१९६० साली एअर इंडियाची बोइंग विमाने न्यूयॉर्कला जाऊ लागली, तीही लंडनला थांबून, हे मी सांगत होतो. पण आईचे लक्ष दोऱ्याकडे होते.

“१९७१च्या माघात आईची तार आली,” ती म्हणाली. “रात्रीची बोट, रत्नागिरीहून एसटी, मग डोंगर उतरून पायी. दीड दिवस लागला. पोचले तेव्हा सगळे आटोपले होते.”

मी काय बोलणार? मुंबईपासून रत्नागिरी ती केवढी!

आईने दोरा रिळाला गुंडाळला.

“एका दिवसात डिंकाचे लाडू काही बिघडत नाहीत,” ती म्हणाली. “तिकीट काढ.”