पडद्यावरची रोजनिशी

रात्रभर ठणकणारी दाढ दवाखान्याच्या पायरीवर एकाएकी गप्प होते आणि डॉक्टर आपल्याकडे संशयाने पाहू लागतात, हा अनुभव कुणाला आलेला नाही? हा खट्याळपणा मोबाइलच्याही अंगी असतो, हे मला गेल्या दिवाळीत कळले. आणि मोबाइलसाठी ॲप लिहिणे हाच तर माझा पोटापाण्याचा धंदा!

माझी आई चिपळूणजवळच्या घरी एकटी राहते. रात्री ९ ला तिला रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. ती चुकू नये म्हणून मी तिच्यासाठी एक लहानसे ॲप लिहिले. ९ वाजले की गजर, बस्स! पुण्यात माझ्या टेबलावर तो महिनाभर अगदी काट्यावर वाजला. ॲप आईच्या फोनमध्ये घालून मी निर्धास्त झालो. पुढे सहज चौकशी केली तो निम्म्या गोळ्या शिल्लक!

"गजर वाजलाच नाही रे."

"तुला ऐकू आला नसेल, आई. नाहीतर फोनच बंद केला असशील!"

आई गप्प झाली. ती गप्प झाली म्हणजे तिला पटले, असे मी लहानपणापासून समजत आलो आहे.

दिवाळीला गेलो तो संगणक आणि केबल घेऊनच. ॲप काम करताना ओळीओळीने स्वतःची रोजनिशी लिहीत असते. तिला म्हणतात लॉग. लॉग म्हणजे खरे तर लाकडाचा ओंडका. जुने खलाशी गाठी मारलेल्या दोराला लाकूड बांधून समुद्रात टाकीत, दोर किती सुटला यावरून जहाजाचा वेग ठरवीत आणि तो वहीत टिपून ठेवीत. त्या लाकडाचे नाव वहीला मिळाले आणि वहीचे आमच्या धंद्याला. ही रोजनिशी एरवी दिसत नाही. फोन संगणकाला जोडला की ती उलगडते.

तीन रात्री मी फोन जोडून बसलो. तिन्ही रात्री गजर ९ च्या ठोक्याला वाजला! मी आईकडे पाहिले. ती मुकाट्याने निरांजनाच्या वाती वळीत होती.

चौथ्या दिवशी मला सुचले की, ही रोजनिशी फोनच्याच पडद्यावर का दिसू नये? ॲपच्या नावावर पाच वेळा बोट टेकले की ती उघडावी, अशी सोय मी केली. केबल पिशवीत गेली. आईने नेहमीप्रमाणे दिवेलागणीनंतर फोन देवघराच्या फळीवर ठेवला. सकाळी आम्ही दोघांनी मिळून पडदा पाहिला:

गजर लावला ९:००
गजर वाजला ९:५२

९:५२ ला आई माजघरात गाढ झोपलेली होती.

कोडे उलगडले. २०१५ साली आलेल्या सहाव्या अँड्रॉइडपासून फोनला एक झोप लागते. पडदा काळा, फोन निश्चल आणि विजेला जोडलेला नाही, असा काही वेळ गेला की तो बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेतो. खोळंबलेली कामे मधूनमधून जागा होऊन उरकतो. केबल लावली की फोन चार्ज होऊ लागतो, मग झोप कुठली? दुखणे पाहायला आणलेली माझी केबलच त्यावरचे औषध होती!

दुरुस्ती दोन ओळींची होती. त्या झोपेतही वाजलाच पाहिजे, असा गजर लावण्याची सोय असते. कठीण गेले ते दुसरेच वाक्य.

"आई, चूक माझी होती."

"असू दे रे. चकली बघ, कडक नाही ना झाली?"

परतताना एसटीत मनात आले, मी तरी दुसरे काय आहे? एक केबलच! मी घरी असलो की आई ताठ चालते, भराभर जिने चढते, "मला काय धाड भरलीय!" म्हणते. मी नसतानाच्या रात्रींची रोजनिशी कुठल्या पडद्यावर पाहायची?

ॲप लोकांच्या हाती देताना अशी पडद्यावरची रोजनिशी काढून टाकण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. आतल्या गोष्टी चारचौघांत उघड्या पडू नयेत. आईच्या फोनमधली मात्र मी काढलेली नाही. रोज रात्री ती फोन करून वाचते, "लावला नऊ, वाजला नऊ." मी "बरं" म्हणतो आणि फोन ठेवीत नाही. मग थोड्या वेळाने पुढच्या ओळी येतात. आज गुडघा फार दुखला. जिन्यात जरा तोल गेला होता, पण पडले नाही. मी मध्ये बोलत नाही.