रांगेतला रोबो

वडाळ्याच्या माणसाला रांगेचं शास्त्र शिकवावं लागत नाही. आषाढीला आमच्या विठ्ठल मंदिराबाहेर ते आपोआप येतं. म्हणूनच कचेरीतलं काम आपसूक करणारी दोन नवी साधनं मी रांगेवरूनच समजून घेतली.

पहिलं 'आरपीए', म्हणजे संगणकाच्या पोटातला रोबो. कारकुनासारखाच तो ई-मेलमधलं बिल उघडतो, आकडा उचलतो, दुसरीकडे भरतो. आपल्यावतीनं रांगेत उभा राहणाराच म्हणा ना! दमत नाही, चहाला जात नाही. जुन्या प्रणालीला हात न लावता काम होतं, हा त्याचा मोठा गुण. पण पडद्यावरची खूण बदलली की बावरतो. देवळाचं दार हलवलं तर हा भिंतीला नमस्कार करील. 'रोबो' हे नाव कारेल चापेकच्या 1920 मधल्या नाटकातलं. मुळातल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी. वेठबिगार 'का?' विचारत नाही.

दुसरं 'लो-कोड'. हे नाव 2014 मधलं. इथे रांगच नव्यानं आखायची. फारसं प्रोग्रामिंग न येणारा हेडक्लार्कसुद्धा चौकोन आणि बाण मांडून अर्जाची वाट ठरवतो. बांबू-दोर घेऊन मुखदर्शनाची वेगळी रांग काढणाऱ्या स्वयंसेवकासारखा.

जुनी प्रणाली बदलणं शक्यच नसेल तर रोबो बरा. पण अर्ज पाच टेबलांवरून जात असेल, तर तो पाचही टेबलं विक्रमी वेळात फिरवील. बाण काढणारा निदान विचारील, 'चौथं टेबल कशाला?'

अर्थात, विचारायला हिंमत हवी. चौथं टेबल साहेबांचं असतं.